पाणी उकळेपर्यंत

अकानिसीबाई पुस्तक लिहितायत, हे ओवालाऊ बेटावर बारा वर्षं सगळ्यांना ठाऊक होतं. शाळेतून निवृत्त झाल्या त्या वर्षी त्यांनीच चर्चमध्ये सांगितलं होतं, की मोठ्या वादळानंतर आपलं गाव किनाऱ्यावरून डोंगरावर कसं गेलं, ते तोरिकाआत्याकडून ऐकून मी लिहिणार. तेव्हापासून पाद्री पाहुण्यांना "या आमच्या लेखिका" म्हणून सांगत. "कुठवर आलं?" कुणी विचारलं, की बाई म्हणत, "झालंच. शेवटचा हात फिरवतेय."

वहीत नुसतं पुस्तकाचं नाव होतं.

आत्याला नव्वदी लागली, डोळे गेले. एका रविवारी जेवणं झाल्यावर तिनं भरल्या घरात सांगितलं, "अकानिसी, मी जायच्या आत ऐकव की गं मला."

नाही कसं म्हणणार? बाईंनी वही आणली, कोरं पान उघडलं आणि मनानंच वाचू लागल्या. आवाज शाळेतल्यासारखा खणखणीत. आत्या चटई विणता विणता ऐकत होती. मधेच तिनं हात पुढे केला. "दे बघू इकडं."

पानावरून तिची बोटं फिरली. मग दुसऱ्या पानावरून, तिसऱ्या.

"लहानपणी तू दाबून लिहायचीस," आत्या हळूच म्हणाली. "मागच्या बाजूनंसुद्धा हाताला लागायचं."

कुणी हसलं नाही. आतेबहीण लितिया, जी बाईंची थट्टा करायची एक संधी सोडत नसे, तीही भांडी उचलून आत गेली. तेच जास्त झोंबलं. पुढचे दोन रविवार बाई चर्चला गेल्या नाहीत.

तिसऱ्या सोमवारी त्यांनी स्वतःला वर्गात उभं केल्यासारखी शिस्त लावली. सकाळी लिंबाच्या पानांच्या चहाला पाणी ठेवायचं आणि ते उकळेपर्यंतच लिहायचं. अर्धा कागद, फार तर बारा ओळी, खोडरबर नाही. पाणी उकळलं की वाक्य अर्धं असलं तरी पेन्सिल खाली. लिहिलं नाही तर चहा नाही.

पहिल्या दिवशी तीन ओळी झाल्या. दुसऱ्या दिवशी दोन. नवव्या दिवशी मात्र हात असा सुटला, की बाईंनी गुपचूप स्टो बंद केला आणि चार पानं खरडली. त्यानंतर पाच दिवस एक अक्षर सुचेना.

लितियाला ते कळलं तेव्हा ती म्हणाली, "आयुष्यभर पोरांची कॉपी पकडलीस आणि म्हातारपणी स्वतःच केलीस?"

गावात पुन्हा आपली थट्टा होतेय, याचं बाईंना रडू आलं. बरंही वाटलं. मग त्यांनी अट मोडली नाही.

दर शनिवारी त्या आठवड्याचे कागद आत्याला वाचून दाखवत. आत्या चुका काढी. "पूल नव्हता तेव्हा. दोर होता." वर्षभरात गठ्ठा दोन बोटं जाड झाला, आणि गोष्ट त्या रात्रीपर्यंत आली, जेव्हा सात बायकांनी गावची पोरं पाठीवर घेऊन चढ चढला होता.

"त्यांची नावं सांग," बाई म्हणाल्या.

आत्यानं तीन सांगितली. मग बराच वेळ ओठ हलत राहिले. "होती गं... सगळी सांगितली होती तुला. तू निवृत्त झालीस त्या वर्षी. नाही आठवत तुला?"

बाईंना आठवत नव्हतं. ती नावं ठाऊक असलेलं दुसरं कुणी जिवंत नव्हतं.

पुस्तक झालं. चर्चच्या सभागृहात बाईंनी उभं राहून ते वाचलं. सात बायकांपाशी आल्यावरही बाईंनी लिहिलं होतं तसंच वाचलं: "चौघींची नावं इथे नाहीत. मला ती सांगितली होती. मी लिहून घेतली नाहीत."