तारकाकांचा खरा रिपोर्ट

दिल्लीच्या मे महिन्यात सरकारी इस्पितळात पंख्याखालची खाट मिळायला ओळख लागते. तारकाकांना ती ओळखीशिवाय मिळाली होती आणि त्यांनी ती पहिल्याच आठवड्यात सोडून दिली. बदल्यात खिडकीजवळची घेतली, जिथून दिवसभर लूच्या गरम झळा आत यायच्या. कारण एकच, तिथून रेडिओची तार बाहेर काढता येत होती. तारेचं दुसरं टोक समोरच्या कडुनिंबाला बांधलेलं होतं. माकडं ते अधूनमधून सोडवून टाकत आणि काका माळ्याची मनधरणी करून पुन्हा बांधून घेत.

वॉर्ड त्यांना 'तारवाले अंकल' म्हणे. मी शेजारच्या खाटेवर, मोडलेला पाय वजनाला टांगून पडलो होतो. मी त्यांचं तारकाका केलं. लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहणारा हा माणूस हौशी रेडिओवाला होता. रीतसर परवाना घ्यायचा आणि आपल्या सेटवरून अनोळखी माणसांशी निव्वळ बोलत बसायचं, असा तो शौक. फुप्फुसात पाणी होत असल्यामुळे होळीपासून ते इथेच होते. अधीक्षकांनी सेटला परवानगी दिली होती, ती 'रुग्णास भजने ऐकण्यास हरकत नाही' अशा शेऱ्यानिशी. काकांनी दुरुस्ती सुचवली नाही.

मुलगा गुडगावला मोटारींच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर. दिल्लीत मोबाइल नुकतेच आले होते. एक त्याने उशाशी आणून ठेवला आणि म्हणाला, "बाबा, आता ते डबडं कशाला?"

"याच्यावर नंबर ठाऊक असलेल्यांशीच बोलता येतं," काका म्हणाले. "ते तर इथे भेटायलाही येतात."

संध्याकाळी दिल्लीभरचे हौशी हवेत जमायचे. फरिदाबादचे भाटियाजी एकेकाला पुकारून हजेरी घेत आणि त्याचा आवाज कसा पोचतोय त्याचा रिपोर्ट देत. पहिला आकडा बोलणं किती समजतंय याचा, पाचपैकी. दुसरा सेटच्या जोराचा, नवापैकी. भाटियाजी सगळ्यांनाच 'फाइव्ह-नाइन' देत. पाहुण्याला अर्धा पेला लस्सी देणं आणि 'थ्री-सिक्स' देणं त्यांच्या लेखी सारखंच होतं. काका मात्र ऐकू येईल तसं सांगत, त्यामुळे दोघं-तिघं त्यांच्यावर रुसलेले असत. "खोट्या रिपोर्टवर माणूस तार बदलत नाही," काका म्हणत. "मग घ्यायचा कशाला?"

सकाळची हजेरी मोठ्या डॉक्टरांची. शिकाऊ डॉक्टरांचं शेपूट घेऊन ते येत आणि दर खाटेला "गुड, इम्प्रूव्हिंग" म्हणत. मी एक्स-रेला गेलो असताना एकदा माझ्या रिकाम्या खाटेलाही म्हणाले. परत आल्यावर काकांनी मला कळवलं, "तुमची गादी सुधारतेय."

काकांना एवढंच हवं होतं, की बरं व्हायचं नसेल तर कुणीतरी तसं सांगावं. मग उरलेले दिवस घरी, काकूंजवळ काढता येतील. डॉक्टर इम्प्रूव्हिंग म्हणत. मुलगा म्हणे, गुडगावच्या फ्लॅटचं पझेशन मिळालं की थेट तिकडेच, लिफ्ट आहे, बिल्कुल टेन्शन नाही. काकू डबा उघडत आणि खिडकीबाहेर बघत. मलाही नेमका तेव्हाच पेपर वाचायचा असे.

जूनमधल्या एका संध्याकाळी भाटियाजींनी नेहमीसारखं फाइव्ह-नाइन दिलं. काकांनी पुन्हा बोलायचं बटण दाबलं. दर दोन शब्दांनंतर त्यांना दम घ्यावा लागत होता.

"भाटियाजी, तार वही है. बैटरी नई है. सही रिपोर्ट दीजिए."

बराच वेळ नुसती खरखर येत राहिली. मग भाटियाजी म्हणाले, "सेट पूरा आ रहा है, सर. नाइन. आप नहीं आ रहे."

काकांनी आभार मानले आणि सेट बंद केला. त्यांना वाईट वाटलं नाही असं मी लिहिलं, तर ते फाइव्ह-नाइनच होईल. वाटलं. ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. काकू डबा घेऊन आल्या तेव्हा वळून म्हणाले, "उद्या घरी जाऊ या."

काकूंनी कारण विचारलं नाही. "सकाळी तुमची गादी उन्हात घालते," एवढंच म्हणाल्या.

मुलाने पुष्कळ विरोध केला. पण काका गेले. जाताना एक जुना, नुसता ऐकण्यापुरता सेट माझ्या उशाशी ठेवून म्हणाले, "खिडकीची खाट घ्या. उकडेल, पण सोबत आहे."

मी घेतली. रोज संध्याकाळी हजेरी ऐकू लागलो. काका घरून असत, पण त्यांना आता बोलवत नव्हतं. नाव पुकारलं की ते नुसतं बटण दाबत. तसं केलं की खरखर थांबते आणि सोडेपर्यंत स्वच्छ शांतता येते. "आ गए, सर," भाटियाजी म्हणत. रिपोर्ट देत नसत.

पुढे एका संध्याकाळी नाव पुकारलं आणि खरखर चालूच राहिली. भाटियाजींनी पुन्हा पुकारलं. पुढचं नाव घ्यायची पद्धत होती. ते त्यांनी घेतलं नाही. स्वतःचं बटण दाबून धरलं आणि काहीच बोलले नाहीत. खरखर थांबली. फरिदाबादहून ती शांतता कितीतरी वेळ येत राहिली. तिचा जोर पुरा नऊ होता.