अकौंटंटाच्या दारची म्हैस

नवीन माणूस एस्टीतून उतरला की बडे बाबू त्याला नाव, गाव, शिक्षण काही विचारत नसत. त्याची ट्रंक स्वतःच्या हातात घ्यायची आणि चालता चालता एवढंच विचारायचं, "दूध किती घेता?" अर्धा शेर म्हणणारा राहतो, पावशेर म्हणणारा पावसाळा लागेपर्यंत टिकतो, आणि 'घेत नाही' म्हणणाऱ्याने ट्रंक उघडायची तसदीसुद्धा घेऊ नये, असं त्यांचं शास्त्र होतं. मी नागपूरहून आलेला बी. कॉम., वर खात्याची हिशेबाची परीक्षा पहिल्या झटक्यात पास झालेला. आपण कोणी साधेसुधे नाही हे स्टँडवरच कळावं म्हणून मी म्हणालो, "दूध घेत नाही. काळा चहा घेतो." काळा चहा मी जन्मात कधी घेतला नव्हता. बडे बाबूंनी माझ्याकडे न पाहता ट्रंक दुसऱ्या हातात घेतली आणि म्हणाले, "मंग जाता तुमी."

त्यानंतर महिनाभर त्यांच्या घरी मला काळा चहाच मिळाला. तो कसा पीत होतो ते माझं मला माहीत.

बडे बाबू म्हणजे आमच्या पंचायत समितीचे हेडक्लार्क. हा शब्द आम्ही मध्य प्रदेशात होतो तेव्हाचा. राज्य बदललं, पुढे जिल्हा परिषदा आल्या, पण तो त्यांच्या अंगावरून काही उतरला नाही. ते आर्णीकडच्या एका तांड्यातले, बंजारा. आमच्याशी वऱ्हाडी, साहेबांशी पुस्तकातली मराठी आणि बायकोशी व म्हशींशी गोरबोली, असा त्यांच्या भाषांचा कारभार होता. "आमचे आजे बैलायवर मीठ लादून मुलूखभर हिंडले," ते म्हणत. "ज्यानं जलमभर मुक्काम हालवला, त्याले मुक्काम करनं काय चीज हाये ते समजते. तुमी घरातच जलमले, तुमाले काय समजन?"

मुक्काम न करणारी जात म्हणजे त्या काळी आम्ही, परीक्षा पास झालेले अकौंटंट. नव्या कारभारात बिलांवर अशा माणसाची सही लागू लागली होती आणि अशी माणसं होती मूठभर. बँका बोलावत, गिरण्या बोलावत, नवे निघालेले कारखाने तर क्वार्टर आणि पंखा दोन्ही देऊ करत. केळापूर तालुक्यातल्या आमच्या गावात पगार तोच, वर हिवताप आणि वैशाखाचं ऊन फुकट. येणारा माणूस वळकटी सोडण्याआधीच परतीची एस्टी किती वाजता असते ते विचारून ठेवी. गेलेल्या अकौंटंटांना बडे बाबू नावाने ओळखत नसत, जाण्याच्या रीतीने ओळखत. एक तापवाले. एक सासरेवाले, ज्यांना सासऱ्यांनी येऊन शब्दशः हाताला धरून नेलं. एक मुकाट्यानं गेलेले. त्यांची छत्री ऑफिसच्या खुंटीला अजून लटकत होती.

अकौंटंट गेला की खुर्ची रिकामी आणि बिलं तशीच. पहिला फटका झरीकडच्या रानातल्या शाळांना बसे. तिथले मास्तर पगारावाचून राहत, पायी येत, आणि ऑफिसच्या ओसरीवर भिंतीला टेकून बसत. भांडत नसत, भांडले असते तर बडे बाबूंना सोपं गेलं असतं. माझ्या पहिल्या आठवड्यात असेच एक मास्तर आले. फडक्यात मूठभर चारोळी बांधून आणली होती. मला वाटलं, पगाराचं विचारतील. त्यांनी दारातून नुसतं डोकावून माझ्याकडे पाहिलं, चारोळी टेबलावर ठेवली आणि गेले. मी बडे बाबूंना विचारलं, यांना काय हवं होतं? ते म्हणाले, "खुर्चीत मानूस बसला का नाई, ते पाह्यले आलते." मग जरा थांबून, "माहं वरीस-दीड वरीस राह्यलं. मी घरी जाईन त्या दिवशी या खुर्चीत मानूस बसलेला पायजे. बस, अजून काई नाई मांगत."

एवढं ऐकून एखाद्या भल्या माणसाने मुक्काम पक्का केला असता. मी दुसऱ्या दिवशी बदलीचा अर्ज लिहिला. इंग्रजीत, तीन पानी, प्रकृतीच्या कारणास्तव. माझी प्रकृती तेव्हा अशी होती की ऑफिसातली लोखंडी पेटी मी एकट्याने हलवत असे. अर्ज बडे बाबूंच्याच हातून वर जायचा होता. मला खात्री होती की ते तो कुठल्यातरी गठ्ठ्याखाली दाबून टाकणार, आणि मग मला त्यांच्यावर रागावायला मोकळीक मिळणार. त्यांनी अर्ज शांतपणे वाचला, 'मलेरिया'चं स्पेलिंग सुधारलं आणि त्याच दिवशीच्या टपालात टाकला. मी चाटच पडलो. म्हणालो, "बडे बाबू, तुम्हाला तर मी राहायला हवाय ना?"

"हो."

"मग अडवत काहून नाही?"

माझ्या तोंडी 'काहून' आलेला ऐकून ते किंचित हसले. "अडवलेला मानूस खुर्चीत बसते, साहेब. कामात नाई बसत."

अडवायचं नाही, पण बांधायचं मात्र, हा त्यांचा खाक्या. त्यांचं म्हणणं असं की यवतमाळच्या मुख्यालयवाल्यांना हे कोडं कधी सुटणारच नाही. "ते मानूस पाठवतात. त्याची संध्याकाळ कोन पाठवन? दिवस तं खुर्चीत जाते. मानूस दिवसानं नाई पळत, संध्याकाळनं पळते." दिवेलागणीला ज्याला घरी कोणी वाट पाहणारं नसतं, तो बसतो आणि अर्ज लिहितो, हे त्यांनी माझ्याकडे पाहून म्हटलं नाही, तरी मला लागलं. आणि यावर त्यांचा उपाय होता म्हैस. आधी लग्नाचा उपाय करून पाहिला होता, पण तालुक्यातली एकही मुलगी काळा चहा पिणाऱ्याला द्यायला कोणी तयार झालं नाही.

तर एका बाजाराच्या दिवशी आर्णीहून पारडासकट एक म्हैस आली आणि माझ्या क्वार्टरमागे बांधली गेली. मला कोणी विचारलं नाही. "आठ दिवस ठेवा," बडे बाबू म्हणाले, "नाई जमलं तं मी नेतो." हा उपाय बिनचूक होता असं नाही. सासरेवाल्यांनाही त्यांनी म्हैस दिली होती. सासरे आले ते ट्रक घेऊन, आणि जावई म्हशीसकट नागपूरला गेले. बडे बाबूंना जावई गेल्याचं दुःख होतंच, पण म्हैस दूध चांगलं देत होती.

पहिल्याच दिवशी मी धार काढायला बसलो आणि म्हशीने मला चरवीसकट उकिरड्यापर्यंत पोहोचतं केलं. तेव्हापासून बडे बाबूंची बायको सकाळ-संध्याकाळ धारेला येऊ लागली. सगळं ऑफिस तिला याडी म्हणायचं, म्हणजे त्यांच्या बोलीत आई. चारा कापणं, नाल्यावर नेणं, धुणं मात्र माझ्याकडे. बी. कॉम.ला यातलं काही शिकवत नाहीत. पण संध्याकाळ कुठे जाऊ लागली ते मला कळेना. कडबा कापून झाला की दिवे लागलेले असत, आणि दिवे लागले की याडी भाकरीला हाक मारी. तिथे एकदा तिने न विचारता माझ्या पेल्यात दूध ओतलं. मी प्यायलो. बडे बाबू खाली पाहून भाकरी कुस्करत राहिले.

याडी भाचीच्या लग्नाला तांड्यावर गेली आणि घोटाळा झाला. म्हशीला आता याडीच्या आरशांच्या ओढणीची आणि हातभर बांगड्यांच्या आवाजाची सवय लागली होती. ते दिसल्या-ऐकल्याशिवाय ती पान्हाच सोडेना. बडे बाबूंना तर ती जवळही येऊ देत नसे. दोन वेळा दूध अडलं, कास तटतटली, म्हैस रडवेली झाली. तिसऱ्या वेळी, भल्या पहाटे, बडे बाबू घरून याडीची जुनी ओढणी आणि बांगड्या घेऊन आले. म्हणाले, "तुमची म्हैस, तुमीच नेसा." त्यांनी स्वतः माझ्या डोक्यावरून ओढणी घेतली, चेहरा नाकापर्यंत झाकला, बांगड्या कोपरापर्यंत चढवल्या. मी बसलो, हात हलवले, बांगड्या वाजल्या, आणि म्हशीने धार सोडली. त्या क्षणी मला परीक्षा पास झाल्याच्या वेळेहून जास्त अभिमान वाटला.

आणि त्याच क्षणी मागे जीप थांबली. यवतमाळचे मोठे लेखाधिकारी ऊन चढण्याआधी निघून थेट माझ्या क्वार्टरवर आले होते. माझा तीन पानी अर्ज त्यांच्या हातात होता. मुख्यालयातही पास झालेला माणूस टिकत नव्हता. ते मला न्यायला आले होते.

त्यांनी ओढणी पाहिली, बांगड्या पाहिल्या, ओढणीखालच्या मिशा पाहिल्या. म्हणाले, "तुम्ही तर इथे चांगलेच रुळलेले दिसता. मी उगाच आलो," आणि जीपकडे वळले.

ज्या दिवसाची मी इतके महिने वाट पाहत होतो तो पाठ फिरवून चालला होता, आणि मला उठता येईना. हात थांबवला तर म्हैस पान्हा चोरणार. बडे बाबूंनी गप्प राहण्याचाच अवकाश होता, साहेब निघून गेले असते आणि मी खुर्चीतच राहिलो असतो. ते चाऱ्याचा भारा खाली ठेवून पुढे गेले.

"साहेब, गैरसमज नका करू. यायले जायचंच हाये. अर्ज मीच वर पाठवला. हे ओढणीचं मी करून राह्यलो, यायचा काई कसूर नाई."

त्यांचं नोकरीचं उरलेलं वर्ष-दीड वर्ष आता दोन-तीन महिन्यांवर आलं होतं. हे त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं. साहेब माझ्याकडे पाहू लागले. नोकरीतल्या प्रगतीवर मी मनात एक इंग्रजी भाषण तयार ठेवलं होतं, पण डोक्यावर आरशांची ओढणी असताना ते निघेना. मी म्हणालो, "साहेब, चरवी भरू द्या. मग चहा घेऊ."

चहा दुधाचा झाला. चहा पिताना मी विचारलं, बडे बाबू रिटायर झाल्यावर आलो तर चालेल का? साहेब म्हणाले, जागा तोवर थांबणार नाही. मग ती दुसऱ्या कोणाला द्या, असं मी म्हणालो. हा त्याग वगैरे नव्हता, गैरसमज नको. जातो म्हणालो असतो तर संध्याकाळची धार कोणी काढायची, एवढाच विचार त्या वेळी डोक्यात होता. बडे बाबू साहेबांना पोचवून आले आणि पारडू सोडायला लागले. पण दावं त्यांच्याच्याने लवकर सुटेना.

त्यांच्या निरोपाला हार झाले, भाषणं झाली. झरीकडचे मास्तरही आले होते. एस्टीची वेळ झाली तसा मी त्यांची ट्रंक उचलायला उठलो, तर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं. "तुमी नका येऊ स्टँडवर. खुर्चीत बसून राहा. मले जाता जाता दारातून पाह्यचं हाये." सगळं ऑफिस त्यांना पोचवायला गेलं. ते दारात थांबले, त्या मास्तरांसारखं डोकावले, आणि गेले. मी रिकाम्या ऑफिसात एकटा बसून एस्टीचा हॉर्न ऐकला. समोर कागद नव्हता, तरी टाक हातात धरून बसलो होतो.

मी पुढेही तिथेच राहिलो. लोक म्हणत, म्हशीनं बांधला. मीही तसंच सांगतो, कारण ते सांगायला मजेचं आहे. पण गाठ कुठे बसली हे मला ठाऊक आहे: माझा अर्ज न दाबता टपालात टाकला गेला, तिथे.

काही वर्षांनी त्यांच्या तांड्यावर गेलो. बडे बाबूंच्या डोळ्यांवर पडदा आला होता. बाजेवर बसले होते, पावलांचा आवाज ऐकून मान वर केली. मी कोण ते याडी सांगणार, तेवढ्यात त्यांनी हात पुढे करून माझी पिशवी चाचपली, घेतली, आणि विचारलं, "दूध किती घेता?"

"अर्धा शेर," मी म्हणालो.

याडी ओढणीत तोंड लपवून हसत होती. बडे बाबूंनी पिशवी बाजेच्या उशाशी नीट ठेवली.

"मंग राहता," ते म्हणाले.