कोरे सीटबेल्ट

पोलिसांच्या गस्तीसाठी नव्या गाड्या घ्यायच्या ठरल्या की खात्यातल्या प्रत्येकाला अचानक गाड्यांतलं सगळं कळायला लागतं. ज्यांनी आयुष्यात कधी बॉनेट उघडलं नाही, तेही इंजिनावर तासभर बोलतात. त्या वर्षी चाळीस गाड्या घ्यायच्या होत्या आणि पुढची दहा वर्षं त्याच चालवायच्या होत्या. कोणती गाडी घ्यावी याचा अहवाल लिहायचं काम गाडीविभागात नुकत्याच आलेल्या एका तरुण अधिकाऱ्याच्या गळ्यात पडलं. विभागाचे प्रमुख ते मोठे साहेब, म्हणून हे आपोआप धाकटे साहेब झाले.

धाकट्या साहेबांनी काम मनावर घेतलं. तीन कंपन्यांकडून एकेक गाडी महिनाभरासाठी मागवली आणि गॅरेजच्या आवारात ओळीने उभी केली. गाडी निवडायला नेमलेल्या समितीतल्या पाचही जणांनी त्या मोकळ्या रस्त्यावर पळवल्या, करकचून ब्रेक मारून पाहिले. पहिली गाडी पेट्रोल ढोसायची, ती बाद झाली. तिसरी टिकाऊ होती, सुटे भागही कुठल्याही दुकानात मिळणारे, पण दिसायला अगदीच खोकं आणि किमतीला थोडी चढी. दुसरी मात्र सगळ्यांच्या मनात भरली. स्वस्त, चपळ, आणि सीट अशी की बसल्याबरोबर माणसाला दोन्ही बाजूंनी कुशीत घेते. मोठे साहेब तर तिच्यातून उतरायलाच तयार नव्हते. अहवाल बावीस पानांचा झाला. सोमवारी सह्या व्हायच्या होत्या आणि शुक्रवारी दुपारी धाकट्या साहेबांच्या लक्षात आलं की एक रकाना मोकळाच राहिलाय: सीटचा टिकाऊपणा.

"गादीमावशीला विचारा," हेडमिस्त्री म्हणाला. "पाच मिनिटांचं काम आहे."

गॅरेजच्या मागच्या अंगाला, टायरच्या गोदामाला लागून एक लांबट खोली होती. त्या खोलीत गादीमावशी गेली एकतीस वर्षं पोलिसांच्या गाड्यांच्या सीट शिवत होती. बारीक चणीची बाई. चष्मा कपाळावर, बोटात अंगुस्तान, गळ्यात टेप. साहेब आले म्हणून उठून उभं राहण्याची तिला सवय नव्हती, आणि आजवर कुठल्या साहेबाने ते मनावर घेतल्याचंही ऐकिवात नव्हतं. त्याचं कारण एवढंच की साहेबलोक तिकडे फिरकतच नसत.

"मावशी, थोडी माहिती हवी होती."

"बसा. त्या स्टुलावर नको, त्याचा पाय मोडलाय. सुताराला सांगून दोन महिने झाले, त्याला काही मुहूर्त मिळत नाही."

धाकटे साहेब उभेच राहिले. मावशीच्या पुढ्यात गस्तीच्या गाडीतली ड्रायव्हरची सीट होती. ती तिच्यावरून तळहात फिरवत होती, सावकाश, जशी आई तापलेल्या पोराच्या पाठीवरून फिरवते.

"ही गाडी दोघं चालवतात," ती म्हणाली. "एक चांगला जाडा. दुसरा काटकुळा, पण त्याची कंबर दुखते. आधी काठावर टेकतो, मग हळूच मागे सरकतो. बघा, काठ कसा घासलाय. आणि जाडा डावखुरा आहे. पिस्तूल डावीकडे लावतो."

धाकट्या साहेबांना वाटलं, बाई थापा मारतेय. सीटमागे गाडीचा नंबर खडूने लिहिला होता. त्यांनी तिथल्या तिथे फोन काढून ठाण्याला लावला आणि ही गाडी कोण चालवतं ते विचारलं.

"दोघं आहेत साहेब," पलीकडून उत्तर आलं. "एक आमचा पैलवान, डावखुरा. दुसरा कालपासून रजेवर आहे, कंबर धरलीय त्याची. का साहेब? काही तक्रार आली का?"

धाकट्या साहेबांच्या अंगावर काटा आला. इंजिनाचा आवाज ऐकून रोग सांगणारे मिस्त्री त्यांनी पाहिले होते. पण रिकामी सीट पाहून माणूस सांगणारं कोणी त्यांनी ऐकलंही नव्हतं. फोन खिशात ठेवताना त्यांचा आवाज आपोआप खाली आला.

"मावशी, हे सगळं तुम्हाला कसं कळतं?"

"माणूस तोंडाने खोटं बोलेल, बसताना कसं बोलणार? तुमचं काम काय होतं?"

साहेबांनी रकान्याबद्दल सांगितलं. मावशीने अंगुस्तान काढून खिशात टाकलं आणि ती उठली. "गाड्या दाखवा."

आवारात आल्यावर तिने इंजिनाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिन्ही गाड्यांची दारं चारचारदा उघडली, मिटली. दुसऱ्या गाडीपाशी ती थांबली. सीटच्या उंच कडा दाबून पाहिल्या. मग सीट आणि दोन सीटांच्या मधलं खोकं यांच्यातल्या फटीत हात घालून सीटबेल्ट जिथे अडकतो ते बकल चाचपलं. कोपरापर्यंत हात आत गेला तेव्हा कुठे ते सापडलं.

"ह्यात कोण कोण बसलं?"

"समितीतले आम्ही सगळे. महिनाभर."

"असेच? ह्या कपड्यांत?"

धाकट्या साहेबांनी स्वतःकडे पाहिलं. पातळ शर्ट, कमरेला बोटभर रुंदीचा पट्टा, खिशात पेन. आणि मग त्यांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. पाच हुशार माणसांनी महिनाभर पोलिसांची गाडी तपासली होती. ब्रेक मोजले, पेट्रोल मोजलं, डिकीची लांबी-रुंदी मोजली. पण पाचांतल्या एकालाही गस्तीवरच्या पोलिसाचा कमरपट्टा चढवून तिच्यात बसावंसं वाटलं नव्हतं.

"गस्तीची गाडी पळून झिजत नाही, साहेब," मावशी म्हणाली. "उभी राहून झिजते आणि चढउतारानं झिजते. एका पाळीत चाळीस वेळा माणूस उतरतो, चाळीस वेळा बसतो. तेही सगळा संसार कमरेला बांधून. त्या फाटकावरच्या हवालदाराला बोलवा."

हवालदार आला. पिस्तूल, बेड्या, बॅटरी, वायरलेस, दांडकं, सगळं कमरेला. "बस," साहेब म्हणाले. तो बसला, म्हणजे बसायचा प्रयत्न करू लागला. ज्या सीटने मोठ्या साहेबांना कुशीत घेतलं होतं, तिने हवालदाराला चिमट्यात पकडलं. पिस्तूल बरगडीत घुसलं, वायरलेस मांडीखाली गेला. सीटबेल्टची आठवण करून देणारी घंटी टिंगटिंग वाजायला लागली. हवालदाराने बकलसाठी फटीत हात घातला, बेड्यांवर आपटला, काढला. पुन्हा घातला, पुन्हा काढला. मग त्याने अगदी सहज सीटबेल्ट ओढला, स्वतःच्या पाठीमागून नेला, फटीत डोकावून खट्कन अडकवला आणि त्याच्यावर रेलून बसला. घंटी थांबली.

"झालं साहेब."

"हे काय केलंस?"

"असंच करतो की आम्ही. एकदा सकाळी पाठीमागून अडकवून टाकला की दिवसभर घंटीची कटकट नाही. चोर पळत असतो, साहेब. हे सगळं सोडवत कोण बसणार?"

त्याच्या चेहऱ्यावर इतका निष्पाप भाव होता की साहेबांना त्याच्यावर ओरडताही येईना.

"चला," मावशी म्हणाली. "तुम्हाला काहीतरी दाखवते."

खोलीत शिलाई मशीनमागे एक पत्र्याची ट्रंक होती. मावशीने जमिनीवर कापड अंथरलं आणि ट्रंकेतून चिंध्या काढून मांडायला सुरुवात केली. निदान साहेबांना आधी त्या चिंध्याच वाटल्या. भंगारात निघालेल्या प्रत्येक गाडीच्या ड्रायव्हरच्या सीटचा वीतभर तुकडा होता तो, आणि त्याला टाचलेला त्याच सीटबेल्टचा वीतभर तुकडा. कडेला लाल दोऱ्याने गाडीचा नंबर शिवलेला. एक ओळ झाली, दुसरी झाली. कापड संपलं तेव्हा तुकडे फरशीवर आले. मांडून झालं तेव्हा खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही.

धाकटे साहेब गुडघ्यांवर बसले. तीस वर्षांतली सगळी गस्त त्यांच्यापुढे पसरली होती. सीटचे तुकडे काळे पडलेले, फाटलेले, दोनदोनदा ठिगळं लावलेले. ऊन, घाम, पाठदुखी, थंडीत तासन्‌तास बसून राहणं, सगळं त्यांच्यावर दिसत होतं. आणि प्रत्येकाच्या शेजारी टाचलेला सीटबेल्टचा तुकडा मात्र नवाकोरा. कारखान्यातून आला तेव्हाची चमक तशीच. एका ओळीत नाही, सगळ्या ओळींत. त्यांना देवळात आल्यासारखं वाटलं.

मावशीने कोपऱ्यातला एक तुकडा उचलला. त्याच्या सीटवर ठिगळ नव्हतं.

"ही माझ्या पाठच्या भावाची गाडी. गस्तीवर ड्रायव्हर होता. चौकात ट्रकनं ठोकलं. वेगसुद्धा फार नव्हता, साहेब, पण तो गेला. गाडी भंगारात गेली, सीट माझ्याकडे आली. तेव्हाचे मिस्त्री म्हणाले, तू हात लावू नकोस. मी म्हटलं, मीच उसवणार. उसवताना हा बेल्ट हातात आला. हा असा, कोरा. सगळे म्हणाले, निष्काळजी होता. मलाही वाटलं, मूर्खानं बेल्ट का नाही लावला? दोन महिने मी त्याच्यावर चिडून होते. गेलेल्या माणसावर." तिने चष्मा डोळ्यांवर ओढला. "मग दुसरी गाडी आली. तिचाही बेल्ट कोरा. तिसरी आली, तिचाही. एवढे सगळे काही मूर्ख नसतात, साहेब."

"मग तुम्ही कुणाला सांगितलं नाही?"

"सांगितलं की. दोनदा. म्हणाले, शिवणकाम करणाऱ्या बाईला गाड्यांतलं काय कळतं? गाड्या निवडून झाल्या की माझ्याकडे शिवायला येतात. निवडायच्या आधी विचारायला आजवर कोणी आलं नव्हतं. तुम्हीच पहिले."

धाकट्या साहेबांना ती शाबासकी घेववेना. ते काय विचारायला आले होते, ते त्यांना पक्कं आठवत होतं. एक रकाना भरायला.

सोमवारी सकाळी मोठ्या साहेबांनी पेन काढलं, अहवाल उघडला आणि तो पाहून ते भडकले. "दुसरी गाडी म्हणून बावीस पानं लिहिलीस आणि आता शेवटी म्हणतोस तिसरी? डोकं ठिकाणावर आहे का?"

"साहेब, सही करण्याआधी फक्त एकदा खाली चला. हा कमरपट्टा चढवा आणि तुमच्या आवडत्या गाडीत बसा."

मोठे साहेब जिद्दीला पेटले आणि तरातरा खाली आले. कमरपट्ट्याला शेवटचं भोकही पुरेना, म्हणून हवालदाराने हेडमिस्त्रीकडून खिळा आणून नवं भोक पाडलं. साहेब दुसऱ्या गाडीत शिरले. घंटी वाजू लागली. मिनिटभर गाडीतून खुडबुड, सुस्कारे आणि छापता न येणारे दोन शब्द ऐकू आले. हेडमिस्त्री आकाशाकडे बघत राहिला, जणू ते त्याला आजच दिसलं होतं. शेवटी दोघांनी हात देऊन साहेबांना बाहेर काढलं.

"तिसरी," ते म्हणाले.

तिसऱ्या गाडीची सीट सपाट, दार ऐसपैस, आणि बकल ताठ दांड्यावर उभं. साहेबांनी समोर बघतच हात नेला, खट्. सोडलं, उतरले. मावशी गॅरेजच्या दारात हाताची घडी घालून उभी होती. "अजून नऊ वेळा," ती म्हणाली. विभागाच्या प्रमुखाला असं सांगायची कुणाची छाती झाली नसती. साहेबांना धाप लागली, पण ते नऊ वेळा बसले आणि उतरले. दहाव्या वेळीही खट् पहिल्याच झटक्यात झालं.

मग मावशी त्यांना खोलीत घेऊन गेली. तुकडे तसेच मांडलेले होते. मोठे साहेब ओळींमधून जपून चालत होते आणि मध्येच थांबले. खाली वाकून त्यांनी एक तुकडा उचलला. लाल दोऱ्याने शिवलेला नंबर अंगठ्याने चाचपला.

"ही माझी होती," ते म्हणाले. "नोकरीला लागलो तेव्हा. चार वर्षं." त्यांनी त्या गाडीच्या सीटबेल्टचा तुकडा उजेडात धरला. तो लख्ख कोरा होता. मोठ्या साहेबांनी तो जपून जागच्या जागी ठेवला.

"तिसरी घेतली तर त्याच पैशांत अडतीसच येतील, साहेब," धाकटे साहेब हळू आवाजात म्हणाले. "दोन ठाण्यांना जुन्या गाड्यांवर भागवावं लागेल."

"त्या दोन ठाण्यांशी मी बोलतो. त्यांच्या शिव्या मी खाईन. पेन दे."

दीड वर्षाने, एका दुपारी, मावशीचा निरोप आला: असाल तसे या. धाकटे साहेब फाईल तशीच टाकून धावले. नव्या गाड्यांतली पहिली सीट खोलीत आली होती. स्टूल दुरुस्त झालेलं होतं. सुताराच्या मागे धाकटे साहेब स्वतः लागले होते. मावशीने त्यांना त्याच्यावर बसवलं आणि त्यांच्या मांडीवर त्याच गाडीतून काढलेला सीटबेल्ट ठेवला. काठ झिजून धागे निघाले म्हणून तो बदलला होता.

तो काळाकुट्ट होता. छातीवर येतो तिथे घामाचे पांढरे चट्टे, हात लागतो तिथे तेलकट चमक, बकलपाशी सगळा पिंजारलेला. एवढ्या घाणेरड्या वस्तूवरून आपल्याला हात फिरवावासा वाटेल असं धाकट्या साहेबांना कधी वाटलं नव्हतं.

मावशीने त्यातला वीतभर तुकडा कापला आणि नाकाशी नेला.

"घामट आहे मेला," ती म्हणाली आणि हसायला लागली. एकतीस आणि दीड वर्षांत ती अशी हसल्याचं गॅरेजमध्ये कुणालाच आठवत नव्हतं. हसता हसता तिने चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. मग ट्रंकेतून भावाच्या गाडीचा तुकडा काढून मांडीवर घेतला, त्याच्या कोऱ्या बेल्टशेजारी हा मळका बेल्ट लावून पाहिला, आणि सुई व लाल दोरा धाकट्या साहेबांपुढे धरला.

"एवढा दोरा ओवून द्या, साहेब. मला काही दिसेना झालंय."

धाकट्या साहेबांनी दोरा ओवून दिला.