पार्किंग लॉटमधली कवायत

आई अमेरिकेत आली ती नोव्हेंबर महिन्यात, २००४ साली. याहून वाईट महिना तिला सापडला नसता. पण निवृत्तीनंतर पेन्शनचं काम मार्गी लागेपर्यंत तिला निघता येईना, आणि माझी पीएच.डी. कधी संपणार हे मलाच सांगता येत नव्हतं. शेवटी ती म्हणाली, "तू संपवशील तेव्हा संपवशील. मी येऊन पाहून तर जाते." बाबा मागेच राहिले. त्यांना अमरावतीचीही थंडी सोसत नसे.

अमरावतीच्या एका मुलींच्या शाळेत आई खेळाची शिक्षिका होती. खो-खो, कबड्डी, लेझीम, कवायत. सगळं आयुष्य मैदानावर उभं राहून काढलेली बाई, आणि तिला मी आणून ठेवलं ते इलिनॉयमधल्या एका युनिव्हर्सिटीच्या गावात, दुसऱ्या मजल्यावरच्या एका बेडरूमच्या अपार्टमेंटमध्ये. खिडकीतून मक्याची कापून झालेली शेतं दिसायची आणि त्यांच्यापलीकडे काहीच दिसायचं नाही. माझ्याकडे गाडी नव्हती. मी सकाळी लॅबला जायची ती अंधार पडल्यावर परतायची. पहिले काही दिवस तिने माझं घर घासून पुसून काढलं. मग घासायला काही उरलं नाही.

एका संध्याकाळी मी परत आले तर आई बिल्डिंगच्या कॉरिडॉरमध्ये, पायात बूट घालून, या टोकापासून त्या टोकापर्यंत झपाझप चालत होती.

"आई, लोक दारं उघडून बघतात गं."

"बघू दे. पाय आखडले माझे. आणखी आठवडाभर असं बसवलंस ना, तर परत जाताना मला उचलून न्यावं लागेल."

ती हसत म्हणाली, पण मला त्या रात्री वाचायला बसल्यावर अक्षर लागेना.

तेव्हा मी पहिल्या वर्षाच्या मुलांना केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल शिकवत होते. त्यात नेपरव्हिल नावाच्या गावचा एक मुलगा होता. बोलका, जरा धांदरट, दर आठवड्याला एखादी काचेची वस्तू फोडणारा. त्याची मोठी बहीण आमच्याच युनिव्हर्सिटीच्या मुलींच्या बास्केटबॉल टीममध्ये होती. मुलांच्या मॅचला रांगा लागायच्या. मुलींच्या मॅचला मात्र एवढ्या मोठ्या स्टेडियममध्ये खेळाडूंचे आईवडील आणि गावातली काही निवृत्त मंडळी, एवढेच. विद्यार्थी जवळजवळ कुणीच नाही. याचं त्या मुलाला फार लागलं होतं. त्याने ठरवलं की गर्दी आपण जमवायची.

त्यासाठी त्याने काढलेली युक्ती म्हणजे टेलगेटिंग. आमच्याकडे फुटबॉलच्या सीझनमध्ये हा प्रकार जोरात चालायचा. मॅचच्या आधी दोन-तीन तास लोक पार्किंग लॉटमध्ये जमतात, गाडीचं मागचं दार उघडून तिथेच ग्रिल पेटवतात, खातात, पितात, गाणी लावतात, आणि तापलेल्या आवाजाने आत जातात. पण फुटबॉल असतो ऑटममध्ये. बास्केटबॉलचा सीझन भर हिवाळ्यात. त्या थंडीत पार्किंग लॉटमध्ये उभं कोण राहणार?

"शनिवारी ये," प्रॅक्टिकल संपल्यावर तो मला म्हणाला. "सॉसेज फुकट आहेत."

"मी सॉसेज खात नाही. आणि माझी आई आली आहे इंडियाहून, तिला एकटं टाकून यायचं जिवावर येतं."

"मग तिलाही आण. तिला बास्केटबॉल आवडतो?"

"ती शाळेत खेळाची टीचर होती."

त्याने हातातला फ्लास्क टेबलावर ठेवला. नशीब, ठेवला. "मग तर आणच," तो म्हणाला.

शनिवारी दुपारी आम्ही बसने गेलो. स्टेडियममागच्या भल्याथोरल्या लॉटच्या एका कोपऱ्यात त्याची जुनी व्हॅन उभी होती, मागे एक कोळशाचं ग्रिल धुमसत होतं, आणि आठ-दहा मुलं-मुली खिशात हात घालून कुडकुडत होती. आईने पंजाबी ड्रेसवर दोन स्वेटर आणि त्यावर माझं जुनं जॅकेट चढवलं होतं.

"आई, हा माझा विद्यार्थी," मी म्हटलं.

त्याला त्यातला 'आई' एवढाच शब्द कळला. "हाय, आई!" तो म्हणाला. त्याला ते तिचं नाव वाटलं. बाकीच्यांनीही तेच उचललं. "हाय, आई! नाइस टु मीट यू, आई!" मी दुरुस्त करायला गेले तर आईने माझा हात दाबला.

"राहू दे. काही वाईट म्हणत नाहीत."

तिने मुलांकडे एकदा नीट पाहून घेतलं. मग मला म्हणाली, "काय गं, हे असे काऊन उभे आहेत? खांदे पाडून, पाठीत वाकून. अशाने थंडी जास्त वाजते." आणि मी काही म्हणायच्या आत ती मुलांच्या समोर जाऊन उभी राहिली. "स्टँड प्रॉपर्ली!"

तो आवाज मी लहानपणी शाळेच्या मैदानावर ऐकला होता. कुणाला त्याची भाषा विचारावी लागत नाही. सगळे ताठ झाले. आईने दोन्ही हात समोर घेतले, वर नेले, बाजूला आणले, खाली सोडले. "एक, दोन, तीन, चार!" मग उड्या. मग जागच्या जागी धावणं. मुलं आधी हसत होती, पण पाचेक मिनिटांत त्यांच्या तोंडून वाफा निघायला लागल्या आणि गाल लाल झाले. "एक, डोन, टीन, चार!" ती ओरडत होती. आपल्या गाडीतून उतरलेलं एक म्हातारं जोडपं थोडा वेळ बघत राहिलं आणि मग हातमोजे नीट करून मागच्या रांगेत उभं राहिलं.

आत गेल्यावर जे झालं ते कुणी ठरवलं नव्हतं. समोरच्या टीमची मुलगी बॉल टप्पे देत पुढे आणत होती. आमच्यातल्या कुणीतरी पायाखालच्या फळीवर पाय आपटला आणि म्हणालं, "एक!" दुसऱ्याने "डोन!" म्हटलं. तिसऱ्या फेरीला सगळे एका तालात होते. रिकाम्या स्टेडियममध्ये तो आवाज केवढा घुमला! बॉल घेऊन येणाऱ्या मुलीने एकदा मान वर करून पाहिलं, आणि तेवढ्यात आमच्या मुलीने बॉल काढून घेतला.

आईने तोंडावर हात ठेवला. "अगं बाई," ती म्हणाली.

आम्ही ती मॅच हरलो. पण परतताना बसमध्ये आई सारखी बोलत होती. कोण बॉलवर नजर ठेवत नाही, कुणाचा गुडघा दुखतोय, कोण उगाच रागावते. "आणि तुझ्या त्या मुलाची बहीण," ती म्हणाली, "बेंचवर बसल्या बसल्या पाय हलवत असते. तयार आहे ती. घ्यायला पाहिजे तिला खेळायला."

पुढच्या मॅचला जाताना तिने वांगी घेतली. ते निखारे नुसते सॉसेजवर वाया चाललेत हे तिला पाहवलं नव्हतं. तिथली वांगी म्हणजे दुधीएवढी. ती तिने ग्रिलवर सालं काळी होईस्तोवर भाजली, कांदा, मिरची, कोथिंबीर आणि घरून फोडणी करून आणलेलं तेल घालून डब्यातच भरीत कालवलं, आणि मुलांनी ते बर्गरच्या बनमध्ये भरून खाल्लं. मी स्टीलच्या मोठ्या थर्मासमध्ये आल्याचा चहा नेला होता. त्याच्या पुढच्या मॅचला व्हॅनशेजारी आणखी चार गाड्या होत्या. हॉस्टेलमधली मुलं चालत यायला लागली. कुणी ढोल म्हणून रंगाचे रिकामे डबे आणले. आईची कवायत मॅच सुरू व्हायच्या अर्धा तास आधी व्हायची आणि ती चुकली तर मुलं विचारायची.

जानेवारीत कुणीतरी विझले असं समजून ग्रिलमधले निखारे कचऱ्याच्या प्लॅस्टिकच्या पिंपात ओतले. पिंप वितळून जमिनीला चिकटलं. कुणाला काही झालं नाही, पण पार्किंगचा अधिकारी आला आणि अगदी सभ्यपणे म्हणाला की यापुढे या लॉटमध्ये आग पेटवायची नाही.

तो गेल्यावर नेपरव्हिलचा मुलगा व्हॅनच्या मागच्या काठावर बसला. "संपलं," तो म्हणाला. "थंडगार सँडविच खायला या हवेत कोण येणार?"

आईने मला विचारलं, "काय झालं?"

"विस्तव बंद केला."

"जेवण तर नाही ना बंद केलं?"

"नाही."

"मग तो रडतोय काऊन?"

मी हे त्याला इंग्रजीत सांगितलं. तो रडत नव्हता, असं त्याने मला ठासून सांगितलं. पण उठला.

पुढच्या मॅचच्या सकाळी आईने माझ्याकडच्या सगळ्यात मोठ्या पातेल्यात मुगाची खिचडी केली. झाकण घट्ट बसवलं, पातेलं वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि माझ्या पलंगावरच्या कम्फर्टरमध्ये, म्हणजे जाड दुलईत, बांधलं. तो मुलगा व्हॅन घेऊन आम्हाला न्यायला आला, आणि त्याने नि मी मिळून ते गाठोडं जिन्यावरून लहान बाळासारखं खाली नेलं. दीड-दोन तासांनी सोडलं तेव्हा खिचडीतून वाफ निघाली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग प्रत्येकाने आपापल्या घरची युक्ती काढली. कुणी सूप आणलं, कुणी राजमा घातलेली चिली आणली, सगळी ब्लँकेटांत गुंडाळून. आईला इंग्रजी जपून बोलायची सवय होती, पण या गुंडाळण्याच्या विषयावर तिचं कुणाशीही जमायचं.

फेब्रुवारीत एका रविवारी दुपारी मॅच होती आणि आदल्या रात्रीपासून बर्फ पडत होता. समोरची टीम आधीच येऊन हॉटेलात उतरली होती, त्यामुळे मॅच रद्द झाली नाही. गावातली मंडळी मात्र येऊ शकली नाहीत. रस्तेच बंद होते. बस बंद म्हणून आई आणि मी चालत निघालो. गुडघ्याइतक्या बर्फातून आई पुढे आणि मी मागे. लॉटमध्ये गाड्या नव्हत्याच, पण मुलं होती. हॉस्टेलांमधून, एकमेकांना ढकलत, बर्फ उधळत ती येतच राहिली. कवायतीच्या रांगा लॉटच्या दिव्याच्या खांबापलीकडे गेल्या. शेवटच्या रांगेला आई दिसत नव्हती, म्हणून मधल्यांनी आकडे ओरडून मागे पोचवले.

आत खालच्या खुर्च्या ओस पडल्या होत्या. माइकवरच्या माणसाने सांगितलं, आज सगळ्यांनी खाली या. मुलं धावत खाली आली आणि आईला हाताला धरून बास्केटच्या बरोबर मागे बसवलं.

दुसऱ्या हाफमध्ये आमच्या एका खेळाडूचा पाय मुरगळला आणि बेंचवरून त्या मुलाची बहीण उठली. तो माझ्या शेजारी होता. सबंध सीझनभर बडबडणारा मुलगा खुर्चीच्या काठावर सरकला. तिच्या हातून पहिला बॉल निसटला. दुसरा पासही चुकला. आई उठून उभी राहिली आणि सरळ मराठीत ओरडली, "घाई नको! घाई नको पोरी!" तिला ते कळलं असेल असं मला वाटत नाही. पण तिसऱ्या वेळी ती थांबली, समोरच्या मुलीला पुढे जाऊ दिलं, आणि शांतपणे बॉल टाकला. आत गेला. मग आणखी एक. समोरच्या टीमचे फ्री थ्रो, म्हणजे फाउलबद्दल मिळालेले मोकळे नेम, आमच्या बाजूच्या बास्केटवर होते आणि "एक, डोन, टीन, चार" चालू होतं, आणि त्यातले बरेच चुकले. आम्ही दोन पॉइंटनी जिंकलो. तो मुलगा खाली बसून दोन्ही हातांत तोंड घालून राहिला. या वेळी तो रडत होता आणि त्याने नाकारलं नाही.

पुढच्या दोन मॅच आम्ही हरलो आणि सीझन तसा जेमतेमच गेला. एप्रिलमध्ये आई परत गेली. विमानतळावर सोडायला व्हॅनमधून पाच जण आले होते. आईने त्यांना ओळीत उभं करून प्रत्येकाचे खांदे सरळ केले.

त्यानंतरच्या वर्षांत सगळं मोठं झालं. क्रीडा खात्याने मंडप दिला, त्यात गरम हवेचे पंखे, फुकट पिझ्झा आणि एकसारखे टी-शर्ट. मला ते थोडं परकं वाटायचं, पण लॉट भरायचा हे खरं. शेवटच्या हिवाळ्यात थीसिसच्या गडबडीतून मी एकदाच गेले. रांगेत माझ्यापुढे चेहरा रंगवलेली पहिल्या वर्षाची एक मुलगी होती.

"पहिल्यांदा आलीस?" तिने विचारलं. "ये, तुला कवायत शिकवते. हे आमच्याकडे फार पूर्वीपासून आहे. पूर्व युरोपातली एक कोच होती म्हणे, हे तिच्या भाषेतले आकडे."

मी सांगू शकले असते. पण ती इतक्या मनापासून शिकवत होती की मी तिच्यासमोर उभी राहिले आणि हात वर केले. तिने माझं कोपर धरून सरळ केलं. "असं," ती म्हणाली. "वाकवायचं नाही."

मे महिन्यात मी सनीव्हेलच्या नोकरीसाठी निघाले तेव्हा सामान भरायला तो मुलगा आणि त्याची बहीण दोघं आले. ती आता नेपरव्हिलजवळच्या एका शाळेत मुलींना बास्केटबॉल शिकवत होती. तिने विचारलं, आई परत कधी येणार? मी म्हटलं, आता तिला एवढा प्रवास होत नाही. ती म्हणाली, "मग मीच जाते." असं लोक म्हणतात. ती खरंच गेली, त्याच वर्षी ऑगस्टात, अमरावतीला. आईने तिला जुन्या शाळेत नेलं, आणि तिथल्या मुलींनी या सहा फुटी बाईला चिखलाच्या मैदानावर खो-खो खेळायला लावलं.

मी रात्री फोन केला तेव्हा आई खुशीत होती. "पहिल्याच मिनिटाला बाद झाली," ती म्हणाली. "उंच माणसाला वळायला वेळ लागतो गं. पण पळते छान. उद्या सकाळी परत नेणार आहे मी तिला."