आत्याचा पुदिना

आमची आत्या म्हणजे एक प्रकरणच. बिनमातीच्या शेतीच्या शेडमध्ये तिनं जन्मभर एकच काम केलं. काडीला मुळं फुटली की माती धुऊन काढायची, काडी जाळीच्या पेल्यात बसवायची आणि पेला पाण्याच्या पाइपात सोडायचा. मीही तिच्याच हाताखाली. मातीचा एक कण राहिला की माझा उद्धार व्हायचा. "मुळं धुतेस की नुसतं पाणी दाखवतेस त्यांना?"

एवढी पाण्यातली बाई, पण घरचा पुदिना मात्र मातीत. कान तुटलेल्या कपात तिच्या लेकीनं लावलेला. लेक लहानपणीच हौदात बुडून गेली. त्याच पुदिन्याच्या काड्या खोचत खोचत आत्यानं तो टिकवला. "काडी म्हणजे तेच झाड गं, दुसरं नव्हे," म्हणायची. "आणि हिला पाणी सोसत नाही."

यंदा आत्यानं अंथरूण धरलं आणि पुदिना कुजायला लागला. माती बदलली, तरी कूज हटेना. तो गेला की आत्याही जाणार, हे मला लख्ख दिसत होतं. मुळं फुटलेली एकच काडी धड होती. ती शेडवर नेली, धुतली, पाइपात सोडली. आत्याला बोलले नाही. कशाला उगाच डोक्याला ताप!

दुसऱ्या दिवशी पाहायला गेले. बाकीची मुळं गुमान पाण्यात लोंबत होती. हिची जाळीतून वर आली होती आणि पेल्याची कड घट्ट धरून बसली होती. मी ती खाली सारली. "गप बस ना, बाई!" डबा खाऊन आले, तर पुन्हा वर. पंप बंद होता, तरी पाइपात काहीतरी डुचमळलं. शेडमध्ये माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

मग मात्र माझी पाचावर धारण बसली. पेला उचलला आणि तडक घर गाठलं.

पेला आत्यापुढं धरला. मी शिव्यांची वाट पाहत उभी.

"काठ धरलाय गं पोरीनं," ती म्हणाली. "तेव्हाही धरला असणार. मी मुळं धूत बसले होते, त्या शेडमध्ये."

तिनं करंगळी पेल्याच्या कडेला टेकवली. एकेक मूळ कड सोडून तिच्या बोटावर आलं. खोटं नाही सांगत, या डोळ्यांनी पाहिलं.

"रडतेस काय," आत्या म्हणाली. "कोरडी माती आण. मी धरलंय तिला."