नाशिकची तज्ज्ञ आणि इटलीची बाटली

ओसाकाच्या प्रयोगशाळेत रुजू झाले त्या दिवशी ओळख करून देताना मी एक वाक्य जास्तीचं बोलले. "मी नाशिकची. आमच्याकडची द्राक्षं आणि वाईन प्रसिद्ध आहे." सगळ्यांनी मान डोलावली. आमचे प्रोफेसर, ज्यांना सगळे नुसतं सेन्सेई म्हणत, ते मात्र खुर्चीत ताठ झाले.

पुढच्या शुक्रवारी दुपारच्या मीटिंगला ते एक बाटली घेऊन आले. इटलीची रेड वाईन, पण कॅबर्ने आणि मर्लो या फ्रेंच जातींची द्राक्षं मिसळून केलेली. कागदी कपात घोटभर ओतून त्यांनी तो दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला.

"हिला फ्रेंच म्हणायचं की इटालियन? तुमचं मत हवंय."

मी तोवर वाईनचा थेंबही चाखला नव्हता. आमच्या घरी द्राक्षं म्हणजे तिखटमीठ लावून खायची. "सेन्सेई, मला यातलं काही कळत नाही," मी म्हणाले.

टेबलाभोवती कौतुकाचा सूर उमटला. इथे जाणकार माणूसही आधी हेच म्हणतो, हे मला ठाऊक नव्हतं. "खरंच नाही हो!" असं मी कळवळून सांगितलं, तेव्हा सेक्रेटरी बाईंनी वही उघडली.

शेवटी घोट घेतला. जीभ आकसली. वाटलं तेच बोलले, "ओल्या गोणपाटाचा वास येतोय. आणि जांभूळ खाल्ल्यावर तोंड तुरट होतं, तसं झालंय. देशाचं म्हणाल तर, थॉमसन जातीची द्राक्षं आम्ही नाशिकचीच म्हणून खातो. मूळ गाव कुणी विचारत नाही."

"म्हणजे इटालियन," सेन्सेई डोळे मिटून म्हणाले. बाईंनी लिहून घेतलं. मग जांभळाचा फोटो फोनवरून सगळीकडे फिरला.

दोन आठवड्यांनी सेन्सेई मला स्टेशनजवळच्या वाईनच्या दुकानात घेऊन गेले. तीच वाईन काचेत मांडलेली आणि खाली सेक्रेटरी बाईंच्या वहीतून हाताने उतरवलेलं कार्ड: 'नाशिकच्या तज्ज्ञांचं मत. ओलं गोणपाट, जांभूळ.' दोनच बाटल्या उरल्या होत्या. दुकानदार काउंटरमागून बाहेर आले आणि वाकून म्हणाले, "आता पांढरी आलीय. चाखायची कृपा करावी."

"मला खरंच कळत नाही," मी म्हणाले. ते आणखी वाकले.

कार्डाचा फोटो आईला पाठवला. तिचा लगेच फोन. "तुला संशोधनाला पाठवलंय की हे धंदे करायला?" मग म्हणाली, "आणि गोणपाटाचा वास येतोय म्हणजे माल ओलीत ठेवला असणार. सांग त्यांना."

आता मात्र मला झोप लागेना. जपानीत माफीची चार वाक्यं लिहून पाठ केली आणि सोमवारी सकाळी सेन्सेईंच्या खोलीत गेले. कपाटावर वाईनच्या बाटल्यांची रांग होती. "मी तज्ज्ञ नाही. तो माझा आयुष्यातला पहिला घोट होता," एका दमात म्हणून टाकलं.

सेन्सेई उठले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

"मीही पीत नाही. एका घोटात चेहरा लाल होतो."

"मग एवढ्या बाटल्या?"

"फार पूर्वी एका परदेशी पाहुण्यांनी मला छंद विचारला. मला छंद नव्हता. शेजारच्याच्या हातात ग्लास दिसला, म्हणून वाईन म्हणालो. तेव्हापासून सगळे मला वाईनच भेट देतात. नाइलाजाने वाचून वाचून शिकलो."

"घरी कोण पितं?"

"बायको. तिला आवडत नाही. पण टाकून देणं बरं दिसत नाही."

"मग माझ्यापुढे का आणलीत?"

"इतकी वर्षं वाईनबद्दल मी बोलतोय ते बरोबर आहे का, हे एकदाचं कळेल असं वाटलं."

मला हसू आलं आणि त्यांची कीवही आली. दुकानदाराला काय सांगायचं, हा विषय दोघांनीही काढला नाही. सेन्सेईंनी लहानशा फ्रीजमधून सातूचा गार चहा काढला आणि दोन कपांत ओतला.

"हा मात्र मला मनापासून आवडतो," ते हळूच म्हणाले, गुन्हा कबूल केल्यासारखे.

मला तो अजिबात आवडला नाही. पण तसं मी सांगितलं नाही.