मामाचा पहिला खिळा

आमच्या भागात असं घर क्वचितच सापडेल, ज्याच्या आतल्या भिंतींना माझ्या मामाचा हात लागलेला नाही. मामा रंगारी. चाळीस वर्षं लोकांच्या खोल्या, जिने आणि माळे रंगवत आलाय. कुणाच्याही घरी गेला की चपला काढायच्या आधी भिंतीला पालथा हात लावतो, मुलाचा ताप बघावा तसा. "हिला ओल आहे," म्हणतो, किंवा "हिच्यावर फार घाई झालीय." घरमालकाला बिचाऱ्याला कळत नाही, हे भिंतीबद्दल चाललंय की बायकोबद्दल.

आणि हा माणूस स्वतः राहायचा सायकलच्या दुकानावरच्या दोन भाड्याच्या खोल्यांत. तिथल्या मालकाचे नियम दोनच: भिंतीला पांढऱ्याखेरीज रंग नाही आणि भिंतीत खिळा नाही. त्यामुळे मामाकडे घड्याळ फ्रिजवर ठेवलेलं, कॅलेंडर खुर्चीत बसलेलं आणि आजी-आजोबांचा फोटो कपाटाला टेकून उभा. "आमच्याकडे पाहुण्यांना जागा नसते," मामी म्हणायची, "कॅलेंडरला उठवावं लागतं."

मी मात्र स्वतःच्या घरात राहते, आणि हे मी चारचौघांत जरा जास्तच वेळा सांगायचे. तिशीच्या आत घर घेतलं, मेहनत केली, उधळपट्टी केली नाही, वगैरे माझं भाषण तयार असायचं. सुरुवातीला भरायच्या रकमेतला मोठा हिस्सा आईने घातला होता, पण ते वाक्य भाषणात यायचं नाही. आईने मुलीसाठी केलं, त्यात सांगण्यासारखं काय, असं मला खरंच वाटायचं.

मग घरांचे भाव पडले. आधी दोन मोठे कारखाने बंद झाले, मग बँकांनी हात आखडता घेतला, आणि बघता बघता प्रत्येक इमारतीच्या फाटकावर 'विकणे आहे'च्या पाट्या लटकल्या. माझं घर घेऊन जेमतेम तीन वर्षं झाली होती, तेही भाव चांगलेच चढलेले असताना घेतलेलं. एका रविवारी आईकडे जेवताना मी जवळजवळ सुतक असल्यासारखी बसले होते. मामा-मामीही होते.

"बुडाले मी," मी म्हणाले. "घेतलं त्याच्या पाऊण किमतीलाही कुणी विचारणार नाही आता."

मामाने भाजी वाढून घेतली. "विकायला काढलंयस का?"

"नाही."

"राहायला घेतलंस ना? मग भाव खाली आला म्हणून छत खाली आलं का?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्याचं स्वतःचं घर नाही त्याने मला हे सांगावं? मी काहीतरी टाकून बोलणार, तेवढ्यात मामीने बातमी सांगितली. सायकलच्या दुकानाची इमारत मालकाने विकायला काढली होती. तीन महिन्यांत खोल्या रिकाम्या करायच्या होत्या.

"पण एक आहे," मामी म्हणाली, "या भावात आपलं स्वतःचं होऊ शकतं म्हणे. इतकी वर्षं आम्ही एक पाऊल टाकलं की घरं दोन पावलं पुढे पळायची. आता पहिल्यांदाच ती थांबलीत."

मामाला एक घर आधीच आवडलेलं होतं, हे तेव्हा उघड झालं. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, सकाळचं ऊन थेट ओट्यावर. मालकीण दाताच्या दवाखान्यात काम करणाऱ्या एक बाई. नवरा त्या बंद पडलेल्यांपैकी एका कारखान्यात होता. त्यांनीही माझ्यासारखंच, चढ्या भावात घेतलेलं. आता हप्ते झेपेनात, म्हणून विकायचं. विकण्याआधी रंग द्यायला त्यांनी बोलावलं कुणाला, तर मामाला.

"मी त्यांना लगेच सांगितलं," मामा म्हणाला, "बाई, मलाच घ्यायचंय. त्यांनी किंमत सांगितली, मी हिशेब केला. जमतंय. त्या म्हणाल्या, मग पहिला हक्क तुमचा. बँकेच्या कागदांना महिना लागेल. तोवर रंगवून घेऊ म्हणाल्या, तुमचं नाहीच जमलं तर पंचाईत नको."

स्वयंपाकघराच्या भिंतीवर म्हणे परातीएवढा डाग होता. ओलीचा, पिवळट, पोपडे सुटलेला.

"मामा, मग सोपं आहे," मी म्हणाले. माझ्या डोक्यात व्यवहार फार पटकन येतो. "हळूहळू काम कर. तो डाग तसाच ठेव. दुसरा कुणी बघायला आला तर नाक मुरडून परत जाईल. घर तुझंच."

मामाने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी रॉकेल घालून चहा दिलाय.

"भाव बाजाराने पाडला," तो म्हणाला. "त्याला माझा इलाज नाही, आणि त्याचा मला फायदा होतोय, तो मी घेणार. पण डागाने भाव पडायला नको. डाग काढायला बाईंनी मलाच बोलावलंय."

झालं. तीन दिवसांच्या कामाला त्याने आठ दिवस लावले. मी डबा द्यायला एकदा गेले, तर हा शिडीवर चढून वरच्या मजल्याच्या न्हाणीघराचा पाइप नेमका कुठे गळतो ते शोधत होता. वरच्या शेजाऱ्याला खाली आणून दाखवला, दुरुस्त करून घेतला. मग भिंत विटेपर्यंत खरवडली, सुकवली, नवा गिलावा केला, पुट्टी भरली, घासली, पुन्हा भरली. रंग फिकट, दुधात किंचित हळद पडावी तसा. मी दारात उभी राहिले आणि क्षणभर मलाच ते घर हवंसं वाटलं.

जे मला वाटलं ते आणखी एकाला वाटलं. दलालाने एक जोडपं आणलं. त्यांनी भिंतींवरून हात फिरवला, उन्हात उभे राहिले आणि मामापेक्षा बरीच जास्त किंमत जागेवर बोलून गेले. मंदीत, जिथे शेजारच्या चार घरांना कुणी कुत्रं विचारत नव्हतं, तिथे.

बाई स्वतः मामाकडे आल्या. कॅलेंडरला उठवून त्यांना बसवलं. "काका, मी तुम्हाला शब्द दिलाय," त्या म्हणाल्या आणि जोडप्याने बोललेली किंमत सांगितली. हातातल्या पर्सचा बंद उघडत, लावत राहिल्या.

"जास्त मिळतंय तर घ्या बाई," मामा म्हणाला. "तुमचं आधीच खूप गेलंय."

बाई गेल्यावर मामी दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली, ते बोलली नसती तर बरं असं मामाला वाटलं असणार. स्वतःच्या हाताने रंगवून स्वतःचं घर दुसऱ्याला देणारा माणूस तिने म्हणे ऐकला नव्हता, आणि तिला तर तो मिळालाच होता. खोल्या रिकाम्या करायला दीड महिना उरला होता.

मी तणतणत आईकडे गेले. "तुझा भाऊ भोळसट आहे," मी म्हणाले. "माणसाने थोडं स्वतःचं बघायला नको? मी नाही बघितलं? म्हणून तर आज माझं घर आहे."

आई कपडे घड्या करत होती. एक चादर तिने दोनदा घडी केली, दोनदा उलगडली.

"तुझ्या घरासाठी मी पैसे घातले ना," ती म्हणाली, "ते कुठून आले असं वाटतं तुला?"

"आजोबांचं घर विकलं त्यातून. तुझा वाटा."

"माझा वाटा अर्धा. मी घातले ते पूर्ण."

मला समजायला वेळ लागला. मग समजलं: उरलेला अर्धा मामाचा.

"तो म्हणाला, पोरीचं एकदा होऊन जाऊ दे. माझ्या हाताला काम आहे, मी घेईन पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षी भाव इतके चढले की त्याने विषयच काढला नाही. तुला सांगायचं नाही अशी शपथ घातलीय मला. आज मोडली."

मला लाज वाटली, आणि ती नुसती गप्प बसून जाणारी लाज नव्हती. तीन वर्षं मी ज्या भिंतींच्या आत मेहनतीवर भाषणं देत होते, त्यातल्या निम्म्या भिंती मामाच्या होत्या. रंगवायलाही तोच आला होता, आणि मजुरी द्यायला गेले तर "भाचीकडून कसले पैसे" म्हणून निघून गेला होता. मी ते वाचलेले पैसे सोफ्यात घातले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी मामाकडे गेले. माझं नवं स्वयंपाकघर करायला साठवलेले पैसे होते. त्यांत जोडप्याच्या किमतीतला आणि मामाच्या किमतीतला फरक भरून निघत होता.

"नाही," मामा म्हणाला. "मी दिलेलं परत घेत नसतो."

"हे नाही म्हणतायत," मामी म्हणाली, "आणि मी हो म्हणतेय. चहा टाकते, मग आपण तिघं जाऊ."

बाईंनी आमची किंमत ऐकली, ती त्या जोडप्याइतकीच होती, आणि पहिल्यांदा हसल्या. शब्दही राहिला आणि नुकसानही थोडं कमी झालं. मामाने मात्र स्वतःच्याच आठ दिवसांच्या कामाने स्वतःच्याच घराची किंमत वाढवून घेतली. अशी चूक करायला रंगारीच असावं लागतं.

परत येताना मी त्याला विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू त्या घरात पाहुणीसारखी राहिली असतीस," तो म्हणाला. "आता राहशील बहुतेक. तुझ्या आईच्या पोटात काही राहत नाही."

नव्या घरात सामान लागलं. मामीने पहिल्याच दिवशी हातोडी पुढे केली. मामाने भिंतीला पालथा हात लावला, फोटो धरून बघितला, आणि हातोडी खाली ठेवली. जन्मभर लोकांच्या खिळ्यांची भोकं बुजवलेला माणूस तो. स्वतःच्या भिंतीला भोक पाडवेना. फोटो कपाटाला टेकला, कॅलेंडर खुर्चीत बसलं. घर स्वतःचं आणि सवयी भाडेकरूच्या.

महिन्याभराने भाव आणखी घसरले. मी बातमी वाचली. मी घाई केली म्हणून मामाने तेव्हाच पैसे मोजले होते. थोडा थांबला असता तर कितीतरी स्वस्त मिळालं असतं. तशीच गेले. तिसऱ्या मजल्यापर्यंत चढताना काय बोलायचं ते ठरवत होते, आणि वरून ठोकण्याचा आवाज येत होता.

दार उघडंच होतं. मामा शिडीवर, तोंडात खिळे.

"मामा, भाव पडले आणखी," मी म्हणाले.

"वाचलं सकाळी," तो खिळ्यांतूनच म्हणाला. "म्हटलं, आता विकायचं तर नाहीच. तो फोटो दे इकडे."